भरलेली बाटली

“हा तांब्या कुणाचा?” मी विचारलं.

पुरुष वॉर्डातल्या अठरा खाटा आणि त्यांचे नातेवाईक, सगळ्यांना एकाच वेळी छताचा पंखा बघावासा वाटू लागला. पाच नंबरच्या खाटेखाली, स्टुलामागं दडवलेला तांब्या मी उचलून वर धरला. पितळेचा होता, चिंचेनं लख्ख घासलेला. वर धुतलेलं फडकं बांधलेलं, आत कोमट पाणी.

“माझा हाय, बाई,” यमुना म्हणाली.

यमुना म्हणजे पाच नंबरच्या बँडमास्तर दामू वायदंडेची बायको. अंगानं काटकी, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, आणि चेहऱ्यावर कायम चोरी केल्यासारखा भाव. त्या दिवशी तर चोरी खरीच होती.

“काय आहे यात?”

“पाणी. उकळून घेतल्यालं. मिठाचा खडा टाकलाय.”

“ते कशासाठी?”

ती नवऱ्याकडं बघायला लागली. दामू मास्तर उशीला टेकून बसला होता, उजवा हात बँडेजात, छातीशी धरलेला. “तिला काय म्हनू नका, बाई,” तो म्हणाला. “काल ऐतवार, तुमी नव्हता. हात लई आगआग करत व्हता. मीच म्हनलं, जरा धू.”

“म्हणजे काल दिवसभर माझ्या वॉर्डात, टाके घातलेली जखम, हिनं तांब्यातल्या पाण्यानं धुतली?”

“तीनदाच,” यमुना म्हणाली.

तीनदाच! मी तो तांब्या सगळ्यांदेखत बेसिनमध्ये उपडा केला. “शेण लावायचं का सोडलंस? राख? हळद? गावाकडचा सगळा दवाखाना आणायचा होतास ना बरोबर. इथं डॉक्टर आहेत, मी आहे, औषध आहे. तू काय करतेस? मीठ टाकतेस! हाताची भाजी करायचीय का तुला?”

वॉर्डात चार-पाच जण हसले. मला ते हसणं आवडलं, खोटं कशाला सांगू? यमुनेनं तांब्या उचलला, पदरानं पुसला आणि पिशवीत घातला. मास्तर भिंतीकडं तोंड करून बसला.

एकोणीसशे त्र्याऐंशी सालचा मार्च महिना होता. गोदावरीच्या काठी, तालुक्याच्या गावी, एका ट्रस्टचं चाळीस खाटांचं हॉस्पिटल होतं. मी त्याच्या पुरुष वॉर्डाची इन्चार्ज. कुसुम ओहोळ, वय अडतीस, नोकरीची अठरा वर्षं, त्यातली नऊ त्याच वॉर्डात. लग्न केलं नव्हतं, कारण मला आवडेल इतका स्वच्छ पुरुष मी पाहिला नव्हता, असं मी सांगायची. माझ्या वॉर्डात चादरीला सुरकुती चालत नसे. डॉक्टर नगरकरही दारात चपला काढून आत यायचे. बायकांच्या वॉर्डची सिस्टर माझी चेष्टा करायची, पण तिच्या वॉर्डात ऐन ड्रेसिंगच्या वेळी औषध संपायचं आणि ती माझ्या दारात वाटी घेऊन उभी राहायची. शेजारणीकडं साखर मागावी तशी. मी कपाटातलं घट्ट औषध काढून द्यायची आणि वर दोन शब्दही ऐकवायची.

माझ्याकडं कधी काही संपत नसे. ड्रेसिंगच्या टेबलावर दोन लिटरची काचेची बाटली असायची, जखमा धुवायच्या पिवळ्या जंतुनाशकाची. औषध घट्ट यायचं, ते पाण्यात पातळ करून वापरायचं. माप मला लागत नव्हतं. लिंबाच्या सालीचा रंग आला की झालं, हा माझा हिशेब. बाटलीचं कॉर्कचं बूच सैल झालं होतं, म्हणून मी त्याला कापूस गुंडाळून ते घट्ट केलं होतं. आणि बाटली अर्ध्यावर आली की मी वरून भर घालायची. नऊ वर्षांत ती बाटली एकदाही रिकामी पडली नव्हती. नव्या नर्सला पहिल्या दिवशी मी तीच दाखवायची. ज्या घरात हंडा रिता तिथली बाई आळशी, असं आमची आई म्हणायची आणि मी तेच वॉर्डात चालवलं होतं.

त्या सोमवारी तांब्या प्रकरण झाल्यावर मी मास्तरचं बँडेज सोडलं. जखम कोरडी दिसत होती. कडा गुलाबी होत्या, शनिवारी होती ती सूजही उतरलेली. “बघा,” मी म्हणाले, “शनिवारी मी नीट धुतली म्हणून तरलात. नाही तर बायकोनं वाटच लावली होती.”

“व्हय, बाई,” मास्तर म्हणाला.

मास्तरबद्दल मला जरा आतून माया होती. त्याचा अकरा माणसांचा ब्रास बँड होता आणि तो स्वतः क्लॅरिनेट वाजवायचा. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात त्यानं चर्चपासून मांडवापर्यंत वाजवलं होतं आणि शेवटी आमच्या वडिलांच्या आवडीचं भजन, कुणी न सांगता. वडील तेव्हा जाऊन तीनच महिने झाले होते. मी मांडवाच्या मागं जाऊन रडले होते. त्यामुळं वॉर्डात बाकी सगळ्यांना मी अरे-तुरे करायची, त्याला मात्र मास्तर आणि अहो-जाहो. एका वरातीत दिव्यांच्या गाडीवरच्या जनरेटरच्या पट्ट्यात त्याचा हात गेला होता. उजव्या हाताची मधली दोन बोटं चिरडली होती. डॉक्टरांनी ती शिवली होती आणि राहतील असं म्हटलं होतं.

“वैशाखाच्या तारखा घेतल्यात, बाई,” तो रोज सांगायचा. “सतरा लग्नं. ही दोन बोटं नसली तर खालची भोकं कोण झाकनार?”

“बोटं कुठं जात नाहीत,” मी म्हणायची. “माझ्या हातात आहेत ती.”

आणि त्या सोमवारपासून मी त्याचं ड्रेसिंग दिवसातून एकदाऐवजी तीनदा करायला घेतलं. स्वतःच्या हातानं. तांब्यानं केलेली घाण मला धुऊन काढायची होती.

आता देशमाने. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सहा महिन्यांपूर्वी आलेला टेक्निशियन. पाप्याचं पितर, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, हात इतक्या वेळा धुवायचा की बोटांची सालं निघालेली. बोलायचं झालं की आधी घसा खाकरायचा, मग आवंढा गिळायचा, मग चष्मा वर सरकवायचा, मग बोलायचा. तोवर माझी दोन ड्रेसिंग उरकायची. असल्या माणसाला कुणी नोकरी दिली, असा प्रश्न मी डॉक्टरांना तोंडावर विचारला होता. ते म्हणाले, “स्वस्तात मिळाला, सिस्टर.”

आल्या आल्या या गृहस्थानं मला शिकवायला सुरुवात केली. इंजेक्शनआधी कातडीला लावायला आम्ही स्पिरिट वापरायचो. हा म्हणाला, “सिस्टर, निव्वळ स्पिरिटपेक्षा थोडं पाणी मिसळलेलं जास्त काम करतं. निव्वळ स्पिरिट जंतूचं वरचं आवरण एकदम थिजवून टाकतं. मग त्याला आत शिरता येत नाही. पाणी असलं की आतपर्यंत जातं.”

“हे आमच्या गवळ्याला सांगा,” मी म्हणाले. “दुधात पाणी घातल्यावर ते आतपर्यंत जातं म्हणावं. खूश होईल.”

चहाच्या वेळी मी हे सगळ्यांना नक्कल करून सांगितलं. घसा खाकरण्यासकट. आठ दिवस हॉस्पिटल हसत होतं.

दुसऱ्यांदा तो आयोडीनवरून आला. “लावून लगेच पुसू नका, सिस्टर. वाळू द्या. जंतू मरायला वेळ लागतो.”

“किती वेळ? तुम्हाला बोलायला लागतो तितका?”

तो हसलासुद्धा नाही. “त्याहून थोडा जास्त,” म्हणाला आणि गेला. त्याला चेष्टा कळत नाही, हेही मी सगळ्यांना सांगितलं.

तर मंगळवारी संध्याकाळी मास्तरच्या बँडेजाला वास आला. गोडसर, नासलेल्या फळाचा असतो तसा. बुधवारी सकाळी पट्टी सोडली तर तिच्यावर निळसर हिरवा डाग होता आणि टाक्यांच्या मधून पू येत होता. बोटं जांभळी पडत चालली होती. वॉर्डात तसा पू नवा नव्हता. त्या वर्षभरात कुणाला ना कुणाला तो होतच होता आणि मी प्रत्येक वेळी त्याचं खापर नातेवाइकांच्या अस्वच्छपणावर फोडत होते. त्या आठवड्यात मास्तर धरून सहा जण होते.

डॉक्टर नगरकरांनी हात उलटासुलटा करून बघितला. “आधी चांगली होती की जखम!” ते म्हणाले. “पसरतंय हे. शुक्रवारपर्यंत बघू. नाही तर दोन्ही बोटं काढावी लागतील, हात वाचवायचा तर.”

डाव्या हाताची बोटं मास्तर चादरीवर एकामागून एक उचलत होता, टेकवत होता. यमुना खाटेच्या पायाशी उभी होती. तिच्याकडं बघून मी म्हणाले, “झालं समाधान?”

ती चादरीची सुरकुती हातानं सरळ करायला लागली.

डॉक्टरांनी पू तपासायला सांगितलं म्हणून देशमाने ट्रे घेऊन आला. काचेच्या नळ्या, कापसाच्या काड्या. मास्तरच्या जखमेतून काडी फिरवून झाली, तरी हा जाईना. बाकी पाचांचा पू घेतला. मग बेसिनच्या तोटीचा नमुना घेतला, चिमट्याचा घेतला. मग माझ्या बाटलीशी येऊन उभा राहिला.

“यातलंही थोडं घेऊ का?”

“जंतुनाशकातलं?” मी मोठ्यानं हसले. “घ्या, घ्या. माझ्या जिभेवरूनही काडी फिरवा.”

“लागलं तर फिरवीन,” तो अगदी गंभीरपणे म्हणाला. मग यमुनेकडं वळला. “मावशी, तुमच्या तांब्यात पाणी आहे का?”

यमुना माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणाले, “दाखव, दाखव. लपवून पुन्हा भरला असशीलच.” आणि खरंच भरला होता. नवऱ्याचं तोंड धुवायला म्हणाली. त्यानं त्यातलं पाणी नळीत घेतलं.

जाता जाता तो नऊ नंबरच्या खाटेशी थांबला. तिथं पवळे नावाचे एक निवृत्त हवालदार होते. पायाला कुऱ्हाड लागलेली. दाखल झाल्या दिवशीच मी त्यांना तंबाखूवरून झापलं होतं आणि त्यांनी मला जे सुनावलं ते ऐकून मी त्यांना पुन्हा हात लावला नव्हता. बाहेरच्या चहावाल्याकडून उकळतं पाणी मागवून ते आपली जखम आपणच धुवायचे आणि धुतलेल्या धोतराच्या पट्ट्या बांधायचे. मरो ना का, म्हणून मी बघत नव्हते.

“यांची जखम कोरडी कशी, सिस्टर?” देशमानेनं विचारलं.

“मला काय माहीत! माझ्याशी भांडलाय तो. त्याचं ड्रेसिंग मी करत नाही.”

त्यानं खिशातून छोटी वही काढून काहीतरी लिहिलं.

“काय लिहिलंत?”

“तुम्ही सांगितलंत तेच,” तो म्हणाला.

शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमाराला मी ड्यूटी रूममध्ये पट्ट्या कापत बसले होते. देशमाने आला आणि त्यानं दार लोटून घेतलं. हातातल्या ट्रेमध्ये झाकणाच्या गोल काचेच्या बशा होत्या, ज्यात हे लोक जंतू वाढवतात. त्या त्यानं टेबलावर ओळीनं मांडल्या.

“ही मास्तरांच्या जखमेची,” तो म्हणाला. बशीत निळसर हिरवट थर आला होता. “ही चार नंबरची. ही अकराची.” तसाच थर. त्यानं आणखी एक बशी पुढं सरकवली. तीही तशीच, उलट जास्त दाट. “आणि ही बाटलीची.”

“कुठल्या बाटलीची?”

“तुमच्या, सिस्टर.”

“जंतुनाशकात जंतू? डोकं ठिकाणावर आहे का?”

त्यानं घसा खाकरला. आवंढा गिळला. त्या दिवशी मी कात्री खाली ठेवून थांबले.

“जंतुनाशक म्हणजे मंत्र नाही, सिस्टर,” तो म्हणाला. “ते जंतूचं वरचं आवरण फोडतं. पण त्याला जोर असावा लागतो आणि हा जोर फार सहज जातो. पाणी जास्त पडलं की जातो. बाटलीला साबण राहिला तर जातो. कॉर्क ते पिऊन टाकतो, कापूस पितो. उरलेल्या पाण्यात नव्याण्णव जंतू मेले तरी शंभरावा असा निघतो की त्याला ते औषध मानवतं. मग तुम्ही वरून नवीन ओतता, तो त्यातही टिकतो. तुमच्या घरी दही लावतात ना? कालचं थोडं ठेवायचं आणि त्यात आजचं दूध. विरजण. तसं आहे हे. बाटली एकदा रिकामी करून उकळली असती तर तुटलं असतं.”

“नऊ वर्षं...” माझ्या तोंडून निघून गेलं.

“नऊ वर्षांचं नसेल,” तो म्हणाला. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला असावा. “वर्षभराचं असेल.”

मग त्यानं शेवटची बशी दाखवली. तिच्यात काहीच नव्हतं. स्वच्छ. “ही तांब्याची.”

मी त्या बशीकडं बघत राहिले. रविवारी मी नव्हते आणि तांब्या होता, तर सोमवारी जखम कोरडी होती. सोमवारपासून मी दिवसाला तीनदा धूत होते. पवळेचा मला राग होता, म्हणून त्याचा पाय शाबूत होता. आणि मास्तरवर माझा जीव होता.

“डॉक्टर चारला येतील,” देशमाने म्हणाला. “आज बोटं काढायची म्हणतायत. तुम्ही त्यांना आधी सांगा. बाटली बंद करून दोन दिवस नुसत्या उकळलेल्या मीठपाण्यानं धुवून बघायला पाहिजे. कदाचित एखादं बोट वाचेल, मी खात्री देत नाही. पण थांबून बघता येईल.”

“तुम्हीच का सांगत नाही?”

“माझं ते ऐकत नाहीत. तुमचं ऐकतात.” मग तो म्हणाला, “आणि तुम्ही सांगितलंत तर चूक राहत नाही ती, सिस्टर. सगळीकडं असंच करतात. बायकांच्या वॉर्डात बाटली संपते म्हणून वाचलेत ते.”

बायकांच्या वॉर्डात बाटली संपते म्हणून! वाटी घेऊन दारात येणारी ती बाई. ती आणि चहाच्या टेबलावर हसणारे सगळे. हे सगळे आता माझी नक्कल करणार. बशा गोळा करून तो म्हणाला, “मी साडेचारला वॉर्डात येतो.” आणि गेला.

दोन तास होते माझ्याकडं. मी ड्रेसिंगच्या टेबलाशी गेले, बाटली उचलली आणि बेसिनमध्ये ओतली. तळाशी शेवाळासारखं बुळबुळीत काहीतरी होतं, नऊ वर्षांत मी ते प्रथमच बघत होते. बाटली घासली, उकळली, पुसली. बूच कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं. उकळून गार केलेल्या पाण्यात औषध मोजून घातलं. हो, मोजून. माप कपाटातच होतं.

चार वाजता डॉक्टर नगरकर आले. मास्तरचा हात बघून त्यांनी तोंड वाकडं केलं. “काय झालं असेल हो सिस्टर? चांगली भरत होती की!”

मास्तर माझ्याकडं बघत होता. यमुना माझ्याकडं बघत होती. आता सांगायचं, हे मला स्वच्छ कळत होतं. वाक्यही तयार होतं.

“सर,” मी म्हणाले, “रविवारी मी सुट्टीवर होते. यांच्या बायकोनं तांब्यातलं पाणी ओतलं जखमेवर. तीन वेळा.”

“अरे देवा!” डॉक्टर यमुनेवर उखडले. “अडाणी बाई! नवऱ्याचा हात घालवलास तू. कळतंय का तुला?”

यमुनेनं दोन्ही हात तोंडावर दाबले. मास्तर म्हणाला, “सायब, तिला नका बोलू, मीच म्हनलं व्हतं.” त्याचं कोण ऐकणार?

देशमाने साडेचारला आला, बशांचा ट्रे घेऊन. डॉक्टर थिएटरकडं निघाले होते. त्यानं व्हरांड्यात त्यांना अडवलं, बाटलीची बशी दाखवली. मी मागं उभी होते. डॉक्टरांनी विचारलं, “सिस्टर, बाटली कधी भरलीत?”

“आज सकाळी, सर. धुऊन, उकळून. रोजच्यासारखी.”

“मग?” ते देशमानेवर गुरकावले. “बशी तुमच्याच हातानं खराब झाली असेल. आधी आपली लॅब धुवा, मग आमच्या बाटल्या बघा!”

देशमानेनं माझ्याकडं बघितलं. घसा खाकरला. आवंढा गिळला. चष्मा वर सरकवला. तोवर डॉक्टर थिएटरचं दार ढकलून आत गेले होते. मला आधीच माहीत होतं की त्याला वेळ लागतो.

सहा वाजता मास्तरला बाहेर आणलं. उजव्या हाताला तीन बोटं होती: अंगठा, पहिलं आणि करंगळी.

त्या दिवसापासून मी बाटली रोज संध्याकाळी रिकामी करायला लागले. बूच काचेचं आणलं. पंधरा दिवसांत वॉर्डातला हिरवा पू थांबला. तीन महिन्यांनी ट्रस्टच्या बैठकीत डॉक्टरांनी माझं नाव घेतलं, “असा वॉर्ड जिल्ह्यात नाही” म्हणाले आणि मला शाल मिळाली. देशमाने पावसाळ्याआधीच नोकरी सोडून गेला होता. कुठं, ते मी विचारलं नाही. जाताना तो वॉर्डाच्या दारात आला होता. टेबलावरची बाटली त्यानं बघितली, मान हलवली आणि म्हणाला, “छान झालं.” तोही उपहास असता तर मला सोसला असता. तो खरंच म्हणत होता.

पुढं मी नर्सिंगच्या मुलींना शिकवायला लागले. वीस वर्षं शिकवलं. बाटलीत भर घालायची नाही, औषध मापानं पातळ करायचं, कॉर्क वापरायचा नाही, आयोडीन वाळू द्यायचं, निव्वळ स्पिरिटपेक्षा पाणी मिसळलेलं बरं. विरजणाचं उदाहरणही मी द्यायची, मुलींना फार आवडायचं. “हे तुम्ही कुठं शिकलात, मॅडम?” असं एखादी विचारायची. “अनुभवानं,” मी सांगायची. मी आयुष्यभर ज्यांना हसले त्यांत माझ्याइतकं हलकं माणूस मला सापडलेलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. मास्तरला घरी सोडलं त्या दिवसाचं राहिलं.

सकाळी अकराची वेळ होती. त्याचे बँडवाले बैलगाडी घेऊन आले होते. मास्तर हात गळ्यात बांधून गाडीत बसला होता. यमुना मात्र परत वॉर्डात आली. मी टेबलाशी औषध मोजत होते. तिनं पिशवीतून तो पितळेचा तांब्या काढला आणि माझ्या पुढ्यात ठेवला.

“हा तुमीच ठिवा, बाई,” ती म्हणाली. “मला आता घरात बघवत न्हाई त्यो.”

“मला कशाला?”

“टाका कुठं बी. माझ्या हातानं झालं. तुमी सांगत व्हता, मी ऐकलं न्हाई.” तिचा आवाज बसलेला होता. “मास्तर काय बोलत न्हाईत. झांजा धरीन म्हनत्यात. झांजा धरायला काय, कुनी बी चालतं. वाजवायला तसा मानूस न्हाई मिळायचा, बाई. माझ्यामुळं गेलं.”

आणि ती वाकली. माझ्या पांढऱ्या बुटांवर तिनं डोकं टेकवलं.

“माफी करा,” ती म्हणाली. “तुमी दिसातनं तीनदा धूत व्हता.”

वॉर्डात अठरा माणसं बघत होती. पवळे हवालदार पायाची पट्टी बांधता बांधता थांबले होते. माझ्या एका हातात माप होतं, दुसऱ्यात रिकामी, उकळलेली बाटली.

“ऊठ,” मी म्हणाले. “पुन्हा असं करू नकोस.”